वाचकांचे प्रश्न : कृत्रिम धुके कसे तयार करतात आणि ते कशासाठी वापरतात?

कृत्रिम धुक्याच्या यंत्रांविषयी वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : नाटकात किंवा नृत्याच्या कार्यक्रमात रंगमंचावर पांढरा धूर सोडतात. तो खरोखर काही जाळून केलेला असतो की ती पाण्याची वाफ असते? ते यंत्र नेमके कसे चालते?

उत्तर : तो धूरही नव्हे आणि नुसती पाण्याची वाफही नव्हे. धुरामध्ये ज्वलनातून निर्माण झालेले घन कण असतात, आणि या यंत्रात काहीच जळत नाही. यंत्रातून बाहेर पडतात ते हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म द्रवथेंब. म्हणजे रचनेच्या दृष्टीने पाहिले तर ते धुकेच असते. नैसर्गिक धुक्यातील थेंब पाण्याचे असतात. यंत्राच्या धुक्यातील थेंब बहुधा प्रॉपिलीन ग्लायकॉल, ट्रायएथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन यांपैकी एखादा पदार्थ आणि शुद्ध पाणी यांच्या मिश्रणाचे असतात.

यंत्राच्या टाकीत हे मिश्रण भरलेले असते. एक लहानसा पंप ते थोडे थोडे करून तापलेल्या धातूच्या ठोकळ्यात ढकलतो. या ठोकळ्यात विजेचा हीटर बसवलेला असतो, द्रव वाहण्यासाठी अरुंद, वळणावळणाचा मार्ग असतो आणि तापमान ठरावीक मर्यादेत ठेवण्यासाठी थर्मोस्टॅट असतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तर प्रॉपिलीन ग्लायकॉल सुमारे १८८ अंशांना आणि ग्लिसरीन सुमारे २९० अंशांना. त्यामुळे ठोकळा पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या बराच वर तापवावा लागतो. आत शिरलेल्या द्रवाची क्षणार्धात वाफ होते, तिचे आकारमान एकदम वाढते आणि त्या दाबानेच ती नोझलमधून जोरात बाहेर पडते.

खरे धुके तयार होते ते मात्र यंत्राच्या बाहेर. यंत्र चालू असताना नोझलच्या तोंडाकडे बाजूने निरखून पाहिले, तर तोंडालगतचा थोडासा भाग जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि त्याच्या पुढे पांढरा लोट सुरू होतो. उकळत्या किटलीच्या चोचीपाशी दिसते तसेच हे आहे. तेवढ्या अंतरात तप्त वाफ थंड हवेत मिसळते, तिला वायुरूपात राहणे शक्य होत नाही आणि ती कोट्यवधी थेंबांच्या रूपाने घट्ट होते. या थेंबांचा व्यास साधारणपणे एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा असतो.

यंत्र सुरू केल्यावर काही मिनिटे थांबावे का लागते आणि सलग धुके सोडल्यावर ते मध्येच बंद का पडते, असेही काही वाचकांनी विचारले आहे. त्याचे कारण उष्णतेच्या हिशेबात आहे. १००० वॅटचा हीटर सेकंदाला अर्धा ग्रॅम पाण्याचीसुद्धा वाफ करू शकत नाही. दाट लोट सोडायचा तर त्याहून पुष्कळ अधिक उष्णता एकदम लागते. ती उष्णता आधीच साठवून ठेवण्यासाठी ठोकळा जाड आणि जड केलेला असतो. लोट सोडताना ही साठवण खर्च होते, ठोकळा थंडावतो आणि तो पुन्हा तापेपर्यंत यंत्र पंपाला चालू होऊ देत नाही. तसे न केल्यास अर्धवट तापलेला द्रव नोझलमधून तसाच थुंकल्यासारखा बाहेर येईल आणि समोरची जमीन निसरडी होईल.

प्रश्न : इतक्या थोड्या द्रवातून एवढे दाट धुके कसे तयार होते? आणि ते बराच वेळ टिकते कसे?

उत्तर : एक मिलिलिटर द्रवाचे एक मायक्रॉन व्यासाचे थेंब केले, तर त्यांची संख्या जवळजवळ दोन लाख कोटी होते आणि त्या सर्वांचे एकत्रित पृष्ठफळ सुमारे ६ चौरस मीटर भरते. प्रकाशाला विखुरण्याचे काम हे थेंब करतात. त्यांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीएवढा किंवा तिच्याहून थोडा मोठा असल्यामुळे ते सर्व रंगांचा प्रकाश जवळपास सारख्याच प्रमाणात विखुरतात, म्हणून धुके पांढरे दिसते आणि त्यावर ज्या रंगाचा दिवा टाकावा तो रंग ते घेते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युअर आणि व्हिन्सेंट शेफर यांनी सैन्यासाठी तेलापासून दाट धुराचा पडदा निर्माण करणारे यंत्र विकसित केले, तेव्हा थेंबाचा आकार किती असला म्हणजे कमीत कमी तेलात जास्तीत जास्त आड होईल, हाच प्रश्न त्यांच्यापुढे होता.

टिकण्याची कारणे दोन. एक मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत तासाला जेमतेम १० ते १२ सेंटीमीटर खाली येतो, म्हणजे तो खाली बसतो असे म्हणण्यातही फारसा अर्थ नाही. हवेची लहानशी झुळूकही त्याला पुन्हा वर नेते. दुसरे असे, की एवढा थेंब निव्वळ पाण्याचा असता तर सर्वसाधारण हवेत तो पाहता पाहता सुकून गेला असता. ग्लायकॉलचे बाष्पीभवन पाण्याच्या मानाने फारच सावकाश होते, शिवाय ते हवेतील ओलावा धरून ठेवते. मिश्रणात कोणते ग्लायकॉल किती आहे यावर धुके लवकर विरेल की रेंगाळेल हे ठरते, आणि द्रव विकणारे उत्पादक याच आधारावर वेगवेगळे प्रकार तयार करतात.

ग्लायकॉलचा वापर सुरू होण्यापूर्वी रंगमंचावर नवसागर किंवा खनिज तेल तापवून धूर केला जाई. त्यातले बरेच उपाय घशाला आणि फुप्फुसांना त्रासदायक होते. चित्रपटनिर्मितीसाठी बिनविषारी आणि सुधारित धुक्याचा द्रव तयार केल्याबद्दल ग्युंटर शाइट आणि रॉस्को लॅबोरेटरीज यांना १९८४ या वर्षासाठीचा ऑस्करचा तांत्रिक पुरस्कार देण्यात आला, यावरून या बदलाचे महत्त्व लक्षात येईल.

प्रश्न : काही प्रयोगांत धुके वर चढते आणि काहींत ते पाण्यासारखे जमिनीलगत वाहते. हा फरक कशामुळे?

उत्तर : तापमानामुळे. तापलेल्या ठोकळ्यातून निघालेले धुके आसपासच्या हवेपेक्षा उबदार असते, म्हणून ते वर चढून पसरते. जमिनीलगत राहणारे धुके थंड असते, आणि ते मिळवण्याची सर्वांत जुनी व परिचित रीत ड्राय आइसची आहे. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तो उणे ७८.५ अंश सेल्सिअसला द्रवरूप न होता थेट वायुरूप होतो. त्याचे तुकडे गरम पाण्याच्या पिंपात सोडले की पाण्यातून जोराने वायू उसळतो, त्याच्याबरोबर पाण्याची वाफ निघते आणि त्या थंडीने ती घट्ट होऊन दाट पांढरे धुके बनते. दिसणारे थेंब पाण्याचे असतात. कार्बन डायऑक्साइड स्वतः रंगहीन आहे. तो थंड तर असतोच, शिवाय हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, म्हणून हे धुके पायऱ्यांवरून खाली उतरते आणि खोलगट जागी साचते. पाणी थंड होत गेले की धुके मंदावते, यासाठी चांगल्या यंत्रात पाणी तापते ठेवण्याची सोय केलेली असते.

या पद्धतीविषयी जरा विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते, कारण तिच्यातील धोका डोळ्यांना दिसत नाही. एक किलो ड्राय आइसपासून ५०० लिटरहून अधिक वायू निर्माण होतो. स्वच्छ हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण साधारण ०.०४ टक्के असते. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ०.५ टक्के ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते आणि ४ टक्के हे प्रमाण जिवाला तत्काळ धोकादायक समजतात. उभ्या माणसाच्या तोंडापर्यंत वायू कदाचित पोहोचणार नाही, परंतु रंगमंचावर झोपलेला कलाकार, लहान मूल, रंगमंचापुढच्या खोल जागेत बसलेले वादक किंवा तळघरात काम करणारा माणूस नेमका त्या थरात सापडतो. आणखी एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते : धुके विरले म्हणजे वायू गेला असे मुळीच नाही. थेंब सुकून जातात, वायू मात्र तळाशी तसाच राहतो. म्हणून ड्राय आइस वापरायचा तर हवा खेळती हवी, विशेषतः खालच्या बाजूने ती बाहेर जाण्यास वाट हवी. तो उघड्या हातांनी धरू नये आणि हवाबंद डब्यात कधीही ठेवू नये. वाढत्या दाबाने डबा फुटतो.

हा धोका टाळण्यासाठी आता ग्लायकॉलचे धुकेच बर्फावरून किंवा शीतकरण यंत्रातून नेऊन थंड करतात. तेही जमिनीलगत पसरते, मात्र खोलीच्या तापमानाला आले की हळूहळू वर उठू लागते.

प्रश्न : कधी कधी धुके दिसत नाही, तरी दिव्यांचे झोत हवेत स्पष्ट दिसतात. तेथेही हेच यंत्र असते का?

उत्तर : त्यासाठीचे यंत्र वेगळे असते, त्याला हेझर म्हणतात. ते अत्यंत विरळ आणि सगळीकडे सारखा थर सतत राखते, त्यामुळे समोरचे दृश्य झाकले जात नाही, पण झोताचा मार्ग उजळतो. अनेक हेझरमध्ये उष्णता न वापरता दाबाखालील हवेने द्रवाचे बारीक थेंब केले जातात.

प्रश्न : करमणुकीखेरीज कृत्रिम धुक्याचा काही उपयोग आहे का?

उत्तर : पुष्कळ आहे, आणि आमच्या मते या यंत्राचे खरे मोल तेथेच कळते. हवा दिसत नाही. तिच्यात धुके मिसळले की ती कोठून कोठे जाते हे दिसू लागते. औषधे किंवा संगणकाच्या चिप जेथे बनतात त्या निर्जंतुक अथवा धूळविरहित खोल्यांमध्ये हवा ठरलेल्या दिशेनेच वाहते ना, हे धुके सोडून तपासतात. तेथे थेंब सुकल्यावर काहीही अवशेष राहता कामा नये, म्हणून अतिशुद्ध पाण्याचे धुके वापरतात. वातानुकूलनाच्या नळ्यांमधील गळती अशीच शोधतात. भूमिगत सांडपाण्याच्या वाहिनीत धुराचा लोट पंख्याने ढकलला, तर ज्या तड्यातून, चुकीच्या जोडणीतून किंवा पावसाळी पाण्याच्या पन्हळीतून तो बाहेर येतो तेथे दोष असल्याचे जमीन न खणता समजते.

अग्निशमन दलाच्या प्रशिक्षणात खोली धुक्याने भरून जवानांना काही दिसत नसताना भिंतीच्या आधाराने वाट काढण्याचा आणि अडकलेल्या माणसाला शोधण्याचा सराव देतात. दुकाने आणि कोठारे यांच्या संरक्षणासाठीही अशी यंत्रे बसवतात. चोर शिरल्याचा इशारा मिळताच ती काही सेकंदांत खोली इतकी दाट भरतात, की हातभर अंतरावरचेही दिसू नये.

निव्वळ पाण्याच्या धुक्याचे क्षेत्र निराळे आहे. सुमारे ७० बार, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या जवळजवळ सत्तरपट दाबाने अतिशय बारीक छिद्रांतून पाणी सोडले की १० ते २० मायक्रॉनचे थेंब मिळतात. ते सुकताना हवेतील उष्णता घेतात, म्हणून हरितगृहे, अळिंबीची लागवड आणि सूतगिरण्या येथे गारवा व आर्द्रता राखण्यासाठी ही पद्धत उपयोगी पडते. लहान उपकरणांत हेच काम सेकंदाला सतरा लाखांच्या आसपास कंपने करणारी चकती करते. जपानी कलावंत फुजिको नाकाया यांनी १९७० च्या ओसाका येथील जागतिक प्रदर्शनात एक संपूर्ण दालन अशाच पाण्याच्या धुक्याने वेढले होते.

प्रश्न : डासांसाठी करतात ती धुरळणी याच प्रकारची का?

उत्तर : तत्त्व तेच, पदार्थ वेगळा. डिझेल किंवा केरोसीनमध्ये विरघळवलेले कीटकनाशक इंजिनाच्या तप्त वायूंमध्ये सोडले जाते आणि बाहेर आल्यावर त्याचे थेंब बनतात. साधारण १० ते ३० मायक्रॉनचे थेंब उडत्या डासांवर बसण्यास योग्य असतात. मोठे थेंब लगेच खाली पडतात आणि फार लहान थेंब हवेबरोबर डासाला वळसा घालून जातात. लोट जितका पांढरा तितके औषध प्रभावी, हा समज चुकीचा आहे. शिवाय या उपायाने साचलेल्या पाण्यातील अळ्या मरत नाहीत. हे धुके श्वासात घेण्याजोगे नाही, म्हणून मुलांना त्याच्या मागे धावू देऊ नये.

प्रश्न : रंगमंचावरचे धुके आरोग्याला अपायकारक असते का? त्याचा द्रव घरी तयार करता येईल का?

उत्तर : योग्य द्रव आणि योग्य तापमान असेल तर प्रेक्षकाला अधूनमधून होणाऱ्या संपर्काचा सहसा त्रास होत नाही. परंतु रोज यंत्राजवळ काम करणाऱ्यांना घसा कोरडा पडणे, खोकला येणे, डोळे चुरचुरणे असे त्रास होतात, आणि दम्याच्या रुग्णांनी लांब राहणेच बरे. द्रव मात्र घरी करू नये. इंजिन थंड राखण्यासाठी वापरले जाणारे एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. प्रमाणाबाहेर तापलेल्या ग्लिसरीनपासून ॲक्रोलिन हा तीव्र दाहक पदार्थ निर्माण होतो. नळाच्या पाण्यातील क्षारांचा थर ठोकळ्यातील अरुंद मार्गात बसून यंत्रही बिघडते. यंत्रासाठी उत्पादकाने सांगितलेलाच द्रव वापरावा, कारण त्याचे तापमान त्या द्रवासाठी ठरवलेले असते.

प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारी आगीची सूचक यंत्रे धूर आणि धुके यांत फरक करू शकत नाहीत, त्यामुळे इशारा वाजण्याची शक्यता असते. कार्यक्रमापुरती ती बंद ठेवण्याची परवानगी सभागृहाच्या व्यवस्थापनाकडून घेतली असेल, तर तेवढ्या काळात आगीवर लक्ष ठेवण्यासाठी एका माणसाची खास नेमणूक करावी आणि हवा निवळताच ती यंत्रे पुन्हा सुरू झाल्याची त्याच्याकडूनच खात्री करून घ्यावी.