चौकशी समितीवर कर्मचाऱ्याचा प्रतिनिधी म्हणून जावे का?

प्रश्न : मी कोल्हापूर शहरातील एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. माझ्या पूर्वीच्या सहकारी, सध्या करवीर तालुक्यात दुसऱ्या संस्थेच्या शाळेत गणित शिकवणाऱ्या एका बाईंविरुद्ध आठवीतील विद्यार्थ्याच्या पालकांनी तक्रार केली आहे. गृहपाठ केला नाही म्हणून मुलाला दोन तास वर्गाबाहेर उभे केले, घरच्या परिस्थितीवरून सगळ्यांसमोर टोचून बोलल्या आणि तो त्यांच्या शिकवणीला येत नाही म्हणून गुण कमी दिले, असे आरोप आहेत. संस्थेच्या सचिवांनी आधी ‘राजीनामा द्या, प्रकरण इथेच मिटवू’ असे तोंडी सुचवले. बाईंनी नकार दिल्यावर लेखी खुलासा मागवला. तो खुलासा मीच त्यांना लिहून दिला. आता चौकशी समितीवर आपला प्रतिनिधी सुचवावा, असे पत्र आले असून त्या माझे नाव देणार आहेत. मी जावे का? माझी संस्था हरकत घेईल का? आणि पालकांना घरी जाऊन भेटल्यास प्रकरण मिटेल का?
– एक शिक्षक, कोल्हापूर

उत्तर :

आदरणीय सर,

आपण बाईंच्या पाठीशी जरूर उभे राहावे, मात्र समितीवर जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याने आपल्याला मज्जाव नाही, हे आधी सांगतो. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ या कायद्याखालील १९८१ च्या नियमावलीतील नियम ३६ प्रमाणे शिक्षकाच्या चौकशीसाठी तीन सदस्यांची समिती असते : एक व्यवस्थापनाने आपल्या सदस्यांमधून नेमलेला, एक संबंधित कर्मचाऱ्याने कोणत्याही खाजगी शाळेतील कर्मचाऱ्यांमधून सुचवलेला, आणि एक राज्य किंवा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त शिक्षकांच्या यादीतून निवडलेला. प्रतिनिधी त्याच शाळेतला असला पाहिजे, असे बंधन नाही. त्यामुळे दुसऱ्या संस्थेत असूनही आपण पात्र ठरता. जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेतला शिक्षक मात्र येथे चालणार नाही, कारण या कायद्याच्या व्याख्येत त्या शाळा खाजगी नाहीत. आपल्या संस्थेच्या हरकतीचे म्हणाल, तर निवड करण्याचा हक्क बाईंचा आहे. समितीच्या बैठका शाळेच्या वेळेत होत असल्याने प्रतिनिधीने निमंत्रकाचे (समितीच्या बैठका बोलावणाऱ्या सदस्याचे) पत्र जोडून आपल्या मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा, इतकेच पुरेसे आहे.

अडचण आहे ती खुलाशाची. नियम ३७ प्रमाणे व्यवस्थापन दोषारोपपत्र तयार करते आणि त्याच्यासोबत आरोपांचे विवरण व कर्मचाऱ्याचा खुलासा निमंत्रकाकडे सोपवते. म्हणजे समितीपुढे जो कागद तपासणीसाठी येणार, तो आपण स्वतः लिहिलेला आहे. बाईंची उलटतपासणी सुरू असताना ‘हा खुलासा तुम्हाला कोणी लिहून दिला?’ असा एकच प्रश्न आला, तर सदस्य म्हणून आपले म्हणणे तिथेच बाजूला पडेल आणि बाईंच्या बाजूची एक खुर्ची भरलेली असूनही रिकामी राहील. खुलासा लिहून देण्यात गैर काहीच नाही; तो लिहिणाऱ्याने निवाडा करायला बसू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

कर्मचाऱ्याचा प्रतिनिधी म्हणजे त्याचा वकील, ही समजूत शिक्षकांमध्ये फार पक्की बसलेली आहे आणि तिने अनेकांचे नुकसान केले आहे. असा प्रतिनिधी साक्षीदाराला मध्येच अडवतो, निमंत्रकाशी हुज्जत घालतो, अखेरीस समितीचे निष्कर्ष विरुद्ध जात आहेत असे दिसताच सभात्याग करतो आणि घरी बसून स्वतःचा वेगळा अहवाल लिहून पाठवतो. विद्या विकास मंडळ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले आहे की, या नियमांखालील त्रिसदस्यीय समितीने एकत्रित अहवाल द्यायचा असतो; सदस्यांनी आपापले सुटे अहवाल देणे नियमांना धरून नाही. म्हणून बाई ज्यांचे नाव देतील त्यांनी प्रत्येक बैठकीला हजर राहावे, साक्षीनंतरच्या विचारविनिमयात बसावे, आणि मतभेद असेल तर तो त्याच अहवालात कारणांसह नोंदवण्याचा आग्रह धरावा. इतिवृत्तावर सही करताना ते पूर्ण वाचावे व सहीखाली तारीख स्वतःच्या हाताने घालावी. ‘मागच्या बैठकीचे आहे, सही तेवढी राहिली’ असे म्हणून पुढे केलेल्या कागदावर त्या दिवसाचीच तारीख टाकावी. यावरून कोणी नाराज झाले तर होऊ द्यावे.

वेळ थोडा आहे. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत नाव कळवले नाही, तर उरलेल्या दोघांचीच समिती वैधपणे स्थापन झाली असे मानले जाते, आणि मग नंतर कितीही तक्रार केली तरी ती कोणी ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट बाईंच्या लक्षात आणून द्यावी. ताकीद, ठपका, जास्तीत जास्त एक वर्ष वेतनवाढ रोखणे किंवा झालेल्या नुकसानीची वसुली या सौम्य शिक्षा आहेत आणि त्यांच्यासाठी अशी समिती लागत नाही. समिती नेमली याचा अर्थ संस्थेच्या मनात पदावनती किंवा सेवासमाप्ती आहे. ‘नुसती औपचारिकता आहे, मॅडम’ असे कार्यालयातून कोणी सांगत असेल, तर त्यावर विसंबू नये.

आता खऱ्या मदतीकडे वळतो. तीन आरोप तीन वेगळ्या प्रकारचे आहेत आणि त्यांना एकाच सुरात उत्तर देणे चूक ठरेल. मुलाला बाहेर उभे केले का आणि त्याला बोलल्या का, हे वर्गातल्या तीस-चाळीस मुलांनी पाहिलेले-ऐकलेले असते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली असून त्याचा भंग करणारा सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र ठरतो. तेव्हा ‘आमच्या वेळी तर छडी असायची’ हा बचाव चुकूनही घेऊ नये. बाईंनी खरोखर मुलाला उभे केले असेल, तर तेवढे मान्य करून किती वेळ, कोणत्या तासिकेला, कशावरून, हे नेमके सांगावे. येथे शाळेचे वेळापत्रक कामाला येते. त्या दिवशी त्या तुकडीवर बाईंची एकच तासिका असेल, तर ‘दोन तास’ हे विधान टिकत नाही, कारण पुढच्या तासिकेला दुसरे शिक्षक वर्गावर आलेले असणार आणि त्यांनी मुलाला बाहेर पाहिले असणार किंवा नसणार. ते शिक्षक महत्त्वाचे साक्षीदार आहेत. त्यांचे नाव साक्षीदारांमध्ये वेळेत द्यावे.

गुणांचा आरोप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो सिद्ध झाला तर हेतूबद्दल शंका उरत नाही. शिक्षकाने खाजगी शिकवणी घेण्यास शिक्षण हक्क कायद्याच्याच कलम २८ ने मनाई आहे. बाई शिकवणी घेत असतील, तर ते लपवण्यात अर्थ नाही; शिकवणीची मुले आणि त्यांचे पालक गावातच आहेत. तरीही शिकवणी घेणे आणि तिच्यापायी गुण कापणे हे दोन स्वतंत्र आरोप आहेत व दुसरा केवळ कागदांवरून खोटा ठरवता येतो. त्या मुलाची उत्तरपत्रिका, अंतर्गत मूल्यमापनाची नोंद, शिकवणीला येणाऱ्या व न येणाऱ्या इतर मुलांचे गुण आणि बाईंची टाचण वही यांच्या प्रती मुख्याध्यापकांकडे लेखी मागाव्यात व अर्जाच्या स्थळप्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. मूळ कागद घरी नेऊ नयेत. गुणनोंदीत कुठे खाडाखोड असेल तर ती आहे तशीच राहू द्यावी. आता केलेली दुरुस्ती जुन्या चुकीपेक्षा महागात पडते.

खुलाशात आपण सरसकट इन्कार लिहिला असल्यास अजून वाट बंद झालेली नाही. दोषारोपपत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत निमंत्रकाकडे लेखी निवेदन देता येते, आणि साक्षी संपल्यावर कामकाजाचा गोषवारा व जबाबांच्या प्रती आल्या की अंतिम म्हणणे मांडण्यास सात दिवस मिळतात. या दोन्ही निवेदनांचे मसुदे आपण जरूर तपासावेत. साक्षीदारांना विचारायचे प्रश्न बाईंसोबत बसून आधी लिहून काढावेत, कारण उलटतपासणीचा हक्क बाईंचा आहे व तो त्यांनाच शांतपणे बजावावा लागेल. समोर मूल बसणार आहे, याचे भान ठेवून प्रश्न थोडे आणि सौम्य असावेत.

पालकांच्या घरी मात्र कोणीही जाऊ नये. बाईंनी नाही, आपण नाही, गल्लीतल्या पुढाऱ्यानेही नाही. आपला हेतू समजुतीचा असला तरी चौकशी सुरू असताना साक्षीदार मुलाच्या दारात जाणे हे दबाव टाकणे म्हणूनच नोंदले जाईल आणि एका आरोपात दुसऱ्याची भर पडेल. ‘घरच्या परिस्थितीवरून’ बोलल्याच्या आरोपात उद्या जातीचा उल्लेख आला, तर प्रकरण फौजदारी कायद्याकडे वळू शकते, म्हणून तर अधिकच जपावे. शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठिंब्याचे संदेश टाकणेही थांबवावे. त्यांचे स्क्रीनशॉट समितीपुढे येतात, आणि त्यात मुलाचे नाव असेल तर पाठिंबा देणारेच अडचणीत येतात.

राजीनाम्याविषयी बाईंनी दाखवलेला ठामपणा योग्य आहे व तो टिकला पाहिजे. सेवाशर्तींच्या १९७७ च्या कायद्यातील कलम ७ प्रमाणे कर्मचाऱ्याने राजीनाम्याच्या दोन प्रती काढून दोन्हींवर सही व तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टाने व्यवस्थापनाकडे पाठवायची आणि दुसरी स्वतःकडे ठेवायची असते. कार्यालयात बसवून लिहून घेतलेल्या राजीनाम्यापासून शिक्षकाला संरक्षण मिळावे म्हणूनच ही पद्धत आहे. बाईंनी पूर्वी कधी कोऱ्या कागदावर सही दिली असेल, तर ती बाब आजच संस्थेला आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना लेखी कळवावी.

निलंबन झाले, तर त्याला शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वमान्यता होती का ते पाहावे. परवानगीशिवाय निलंबन चार महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. निलंबनाच्या काळात मिळणारा निर्वाह भत्ता सुरुवातीला अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका व त्यावरील महागाई भत्ता असा असतो, आणि पूर्वमान्यता नसेल तर तो संस्थेला स्वतःच्या खिशातून द्यावा लागतो. त्या काळात दुसरी नोकरी करणे किंवा परवानगीशिवाय मुख्यालय (नेमणुकीचे गाव) सोडणे यामुळे भत्ता बंद होऊ शकतो. शिकवणी तर पूर्ण बंद ठेवावी.

सेवासमाप्तीचा आदेश आलाच, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कोल्हापूर येथील शाळा न्यायाधिकरणाकडे १९७७ च्याच कायद्याच्या कलम ९ खाली अपील करावे. शिक्षा अवाजवी वाटल्यास ती सौम्य करण्याचा अधिकारही न्यायाधिकरणाला आहे. अपिलात ‘या काळात मी अन्यत्र नोकरी केलेली नाही’ हे विधान अवश्य असावे, कारण दीपाली गुंडू सुरवसे या शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बेकायदा सेवासमाप्तीनंतर मागील पूर्ण वेतन मिळणे हाच सर्वसाधारण नियम ठरवताना या विधानाला महत्त्व दिले आहे. त्यापुढे रिट याचिकेची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच बसत असल्याने मुंबईच्या खेपा वाचतील.

तूर्त या आठवड्यात करायचे काम एकच आहे. खाजगी शाळेत सेवेत असलेल्या, या प्रकरणाशी संबंध न आलेल्या आणि बैठकांना शेवटपर्यंत येऊ शकणाऱ्या एका अनुभवी शिक्षकाची लेखी संमती घ्यावी. बाईंनी संस्थेला पाठवायच्या पत्रात त्यांचे पूर्ण नाव, हुद्दा, शाळेचे नाव व पत्ता लिहून संमतीपत्राची प्रत जोडावी, संस्थेचे पत्र कोणत्या तारखेला मिळाले ते नमूद करावे, आणि ‘माझे सर्व हक्क राखून हे नाव सुचवत आहे’ एवढेच एक वाक्य त्यात असावे. पत्र पोहोचपावतीसह टपालाने पाठवून दुसरी प्रत कार्यालयात समक्ष द्यावी.