शाळा सोडा, पण कागद पूर्ण करूनच

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना समजावं म्हणून थोडक्यात सांगते. तुम्ही एप्रिलपासून शारजातल्या एका भारतीय शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवता. व्हिसा शाळेचा, पासपोर्टही शाळेच्याच ऑफिसात. पगार खात्यात पूर्ण जमा होतो, पण दर महिन्याला त्यातले ८०० दिर्हम रोख काढून अकाउंट्समध्ये परत द्यावे लागतात, आणि त्याची पावती मिळत नाही. शनिवारीही बोलावतात. डिसेंबरच्या सुट्टीत सोलापूरला जायचं आणि परत यायचंच नाही, असं तुमच्या मनात आहे. घरचेही म्हणतात, ये निघून.

नोकरी सोडायची की नाही, यावर माझ्या मनात शंका नाही. सोडा. शिक्षकाकडून पगार परत घेणारी शाळा पुढच्या वर्षी सुधारेल या आशेवर थांबलेल्या बऱ्याच जणी मी पाहिल्या आहेत, आणि त्यातली एकही शाळा सुधारलेली पाहिली नाही. पण डिसेंबरात गुपचूप जाऊ नका. मी यूएईत बरीच वर्षं शिकवलं, दोनदा शाळा बदलली, म्हणून हे कळकळीने सांगते आहे.

न सांगता गेलात तर काय होतं? सलग सात दिवसांपेक्षा जास्त गैरहजर राहिलात की शाळा यूएईच्या मनुष्यबळ मंत्रालयाकडे तुमची नोंद करू शकते. इथे त्याला सगळे अॅबस्काँडिंग, म्हणजे काम सोडून पळून जाणं, म्हणतात. ती नोंद टिकली तर वर्षभर यूएईत नवं वर्क परमिट मिळत नाही. अनुभवाचं प्रमाणपत्र तर विसराच. माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवणारी केरळची एक अतिशय गुणी बाई अशीच सुट्टीत गेली. काही महिन्यांनी तिला दुबईतल्या एका चांगल्या शाळेने निवडलं, आणि परमिटच्या पायरीवर सगळं अडकलं. शिवाय सुट्टीला जाताना पासपोर्ट देण्याआधी अशा शाळा बहुतेक वेळा एखाद्या सहकाऱ्याची हमी लिहून घेतात. तुम्ही परत आला नाहीत तर पगार तिचा अडकतो. आणि दहावीची मुलं. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत, अंतर्गत गुण त्याआधी भरायचे, आणि जानेवारीत बाईच नाहीत! शाळा वाईट असली तरी मुलांनी काही केलेलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणून तर तुम्ही प्रश्न विचारलात.

आता कायदा. यूएईचा सध्याचा कामगार कायदा २०२१ चा क्रमांक ३३, तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. खासगी शाळेतल्या शिक्षकांनाही तोच. त्यातल्या काही गोष्टी तुमच्या थेट उपयोगाच्या आहेत. प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणजे तुमचं संपलं. शाळा काहीही म्हणो. नोटीस ३० ते ९० दिवसांच्या मधली, तुमच्या करारात लिहिली असेल तेवढी. व्हिसाचा, भरतीचा खर्च मालकाने करायचा, तो कामगाराकडून सरळ किंवा आडमार्गाने वसूल करता येत नाही. 'दोन वर्षांच्या आत सोडलं तर व्हिसाचे पैसे भरीन' असं तुमच्याकडून लिहून घेतलंय म्हणता, त्या कागदाला घाबरून थांबू नका. आणि पासपोर्ट ठेवून घेण्याचा अधिकार शाळेला नाही. आपल्याकडच्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तर तो भारत सरकारची मालमत्ता आहे.

दुसऱ्या शाळेत जायचं नाही अशी अट करारात असेल तर तीही नीट वाचा. अशी अट जास्तीत जास्त दोन वर्षांची असू शकते, तिच्यात जागा आणि कामाचा प्रकार स्पष्ट लिहिलेला लागतो, आणि ती मालकाची गिऱ्हाइकं किंवा धंद्याची गुपितं हाताशी असलेल्या माणसासाठी आहे. आठवीला प्रकाशाचं परावर्तन शिकवणाऱ्या बाईंकडे कसलं गुपित असणार!

तारखा नीट जुळवल्या तर निम्मं काम होतं. यूएईतल्या बहुतेक भारतीय शाळांचं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे त्यांची भरती साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. ब्रिटिश आणि आयबी शाळा ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, तिथल्या जागा बऱ्याच आधी भरू लागतात. म्हणजे डिसेंबर हा निघून जाण्याचा नव्हे, अर्ज पाठवण्याचा महिना आहे. सुट्टीला सोलापूरला जाऊन या, आईच्या हातचं चार दिवस खा, आणि जानेवारीत परत या. परत आल्यावर पासपोर्ट ऑफिसात देऊ नका. मागितला तर शांतपणे ईमेल लिहा की पासपोर्ट माझ्याजवळच राहील. तोंडी वाद घालू नका, लेखी उत्तर मागा. लेखी कोणी देत नाही. फारच जोर केला तर मंत्रालयाकडे तक्रार करा, आणि दुबईतल्या भारतीय वकिलातीलाही कळवा. शारजा त्यांच्याच कक्षेत येतं. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

तुम्ही ५ एप्रिलला रुजू झालात असं लिहिलंय. हे महत्त्वाचं आहे. ग्रॅच्युइटी सलग एक वर्ष पूर्ण झाल्यावरच मिळते, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार. तुमचा मूळ पगार २,००० असेल तर साधारण १,४०० दिर्हम. ३१ मार्चला सोडलंत तर चार-पाच दिवसांसाठी ते जातात. नोटीस ६० दिवसांची असेल तर फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, पण ५ तारखेच्या आधी नाही, राजीनामा द्या, म्हणजे शेवटचा दिवस ५ एप्रिल किंवा त्यानंतर येतो. फक्त बिनपगारी रजा घेतली असेल तर ते दिवस वर्षात धरत नाहीत, तेवढं पुढे सरका. नवी शाळा चार दिवस थांबायला तयार नसेल तर मात्र १,४०० दिर्हमसाठी चांगली नोकरी घालवू नका.

राजीनामा ईमेलनेच द्या, एका परिच्छेदात. शेवटचा दिवस लिहा, मुलांचा अभ्यासक्रम कधी पूर्ण होईल ते लिहा, आणि थांबा. तक्रारी त्यात घालू नका. तक्रारींची जागा वेगळी आहे.

ती जागा म्हणजे मनुष्यबळ मंत्रालय, ज्याला इथे सगळे मोहरे म्हणतात. पगार बँकेमार्फत देण्याची डब्ल्यूपीएस पद्धत यूएईत २००९ मध्ये आली. तुमच्या शाळेने पगार पूर्ण जमा करून रोख परत घेण्याची जी वाट काढली आहे, ती याच पद्धतीला चकवायला. म्हणून पुरावा आत्तापासून जमवा. पगाराच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एटीएममधून दर महिन्याला तेवढीच रक्कम काढलेली दिसते का, ते बँकेच्या स्टेटमेंटमध्ये बघा. दिसणारच. 'मॅडम, या महिन्याचे राहिलेत' असा अकाउंट्सवाल्याचा व्हॉट्सअॅप मेसेज असेल तर तो जपून ठेवा. वहीत तारीख, रक्कम, कोणाच्या हातात दिली, हे लिहीत जा. चोरून आवाज मात्र रेकॉर्ड करू नका. परवानगीशिवाय रेकॉर्डिंग करणं यूएईत गुन्हा आहे, आणि प्रकरण तुमच्यावरच उलटेल.

तक्रार मोहरेच्या अॅपवरून करता येते. १ जानेवारी २०२४ पासून ५०,००० दिर्हमपर्यंतच्या दाव्याचा निकाल मंत्रालय स्वतः देऊ शकतं, तुमची रक्कम त्याच्या बरीच खाली आहे. तक्रार केली म्हणून काढून टाकलं आणि तक्रार खरी ठरली, तर ती बडतर्फी बेकायदा ठरते, आणि तीन महिन्यांच्या पगारापर्यंत भरपाई मिळू शकते. तरीही माझा सल्ला असा, की नव्या शाळेचं पक्कं होईपर्यंत थांबा. हक्क तुमच्या बाजूने असला तरी त्या स्टाफरूममध्ये रोज सात तास बसायचं तुम्हालाच आहे. पगारच थांबवला किंवा धमक्या सुरू झाल्या तर गोष्ट वेगळी, मग त्याच दिवशी जा.

आता नवी नोकरी. पैसे मागणाऱ्या एजंटाच्या नादी लागू नका. शाळांच्या स्वतःच्या वेबसाइटवर करिअर्सचं पान असतं, तिथे अर्ज करा, आणि मुख्याध्यापकांच्या नावाने थेट ईमेलही करा. विज्ञान आणि गणिताच्या बी.एड. झालेल्या शिक्षकांना मागणी असते. सीव्हीबरोबर तुमच्या एखाद्या तासाचं एका पानाचं नियोजन जोडा, त्याने फरक पडतो. डेमो लेसनला बोलावलं तर मुलांना बोलतं करा, फळा भरून काढू नका. सध्याची शाळा का सोडताय असं विचारलं तर 'वर्ष पूर्ण करून, नोटीस देऊन बदलते आहे' एवढं पुरे. जुन्या शाळेची निंदा मुलाखतीत कधीच करू नका, मग ती शाळा कितीही वाईट असो.

शाळा निवडताना तुम्हीही तिची मुलाखत घ्या. दुबईत केएचडीए, अबू धाबीत अडेक आणि शारजात स्पिया या संस्था खासगी शाळांवर देखरेख ठेवतात, आणि तपासणी अहवाल वेबसाइटवर टाकतात. लोक फक्त वर लिहिलेली श्रेणी वाचतात. तुम्ही आत जा. दुबईच्या अहवालांत एका वर्षात किती टक्के शिक्षक सोडून गेले हा आकडा दिलेला सापडतो. दर वर्षी तिसरा हिस्सा स्टाफ बदलणारी शाळा असेल तर तिची इमारत कितीही चकाचक असो, दोनदा विचार करा. मग त्या शाळेतली एखादी शिक्षिका गाठा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला किंवा कोजागिरीला कोणीतरी भेटतंच. तिला दोनच गोष्टी विचारा: पगार कितव्या तारखेला येतो, आणि जुलै-ऑगस्टचा पगार सुट्टीतच मिळतो का.

ऑफर आली की शाळेच्या लेटरहेडवर भाळू नका. मोहरेच्या ठरावीक नमुन्यातलं ऑफर लेटर असतं. मूळ पगार आणि भत्ते त्यात वेगवेगळे लिहिलेले असतात, आणि पुढचा करार त्याच्याशी जुळावा लागतो. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवलेला असेल तर ग्रॅच्युइटी तेवढीच कमी. हे हातात आल्याशिवाय आधीच्या शाळेत राजीनामा देऊ नका. आणि नवं वर्क परमिट निघेपर्यंत नव्या शाळेत वर्ग घेऊ नका, 'आठवडाभर ट्रायल' म्हणाले तरी.

फक्त यूएईच धरून बसायचं कारण नाही. ओमान आणि सौदीतल्या मोठ्या भारतीय शाळा पालकांच्या मंडळामार्फत, भारतीय दूतावासाच्या छत्राखाली चालतात. पगार फार नसतो, पण असले रोख परतीचे प्रकार मी तिथे ऐकलेले नाहीत. कागदांचाही त्रास कमी. ओमान २०१२ पासून आणि सौदी २०२२ पासून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, दुसऱ्या देशात चालणारा सरकारी शिक्का) मान्य करतात, त्यामुळे पदवी आणि बी.एड.वर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो, दूतावासाचं वेगळं अटेस्टेशन लागत नाही. यूएईसाठी केलेलं अटेस्टेशन तिथे आपोआप चालेल असं मात्र धरू नका. सुट्टीत घरी जाल तेव्हाच अपोस्टिलचं काम उरकून घ्या.

आणि परतच जायचं असेल तर त्यातही काही कमीपणा नाही. फक्त तेही नोटीस देऊनच. सोलापूर-पुण्याकडच्या सीबीएसई शाळा मार्चच्या आसपास माणसं शोधतात, राज्य मंडळाच्या शाळा जूनमध्ये उघडतात. अनुदानित शाळेत जायचं तर टेट (शिक्षक अभियोग्यता चाचणी) आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलचा रस्ता आहे, तो लांब आहे.

शेवटच्या आठवड्यात सावध राहा. व्हिसा कॅन्सल करताना 'सर्व देणी मिळाली' असं लिहिलेला कागद सही करायला देतात. पैसे खात्यात दिसल्याशिवाय त्यावर सही करू नका. नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळी देणी द्यायची असतात. क्रेडिट कार्ड किंवा कर्ज असेल तर आधी बँकेशी बोला, कारण नोकरी संपल्याचं कळलं की बँक खातं अडवू शकते. कॅन्सलेशननंतर देशात किती दिवस राहता येतं ती तारीख तपासून घ्या. बेरोजगारी विम्याचे पैसे पगारातून भरले असले तरी राजीनामा दिल्यावर तो मिळत नाही, त्यावर हिशोब मांडू नका. अनुभवाचं प्रमाणपत्र हा तुमचा हक्क आहे आणि ते फुकट द्यायचं असतं. त्यावर विषय, इयत्ता आणि दोन्ही तारखा आहेत ना, हे तिथेच उभं राहून वाचा.

तुमच्या करारातली नोटीसची ओळ आणि मूळ पगाराचा आकडा इथे लिहा, नाव-नंबर झाकून. राजीनाम्याची नेमकी तारीख आणि मजकूर मी लिहून देते.