गिअर (शस्त्रं-चिलखत) तेच, रोटेशन (फटक्यांचा ठरलेला क्रम) तेच, तरी दर वेळी डीपीएस (दर सेकंदाचा डॅमेज) वेगळा का येतो?

तुम्ही विचारलंय की गेममध्ये जुन्या तलवारीने एकदा आणि नव्या तलवारीने एकदा, डमीवर (सरावाच्या पुतळ्यावर) पाच-पाच मिनिटं मारून पाहिलं. नवीने ४ टक्के कमी डॅमेज केला, तर ती विकून टाकावी का? नका विकू. एवढ्या चाचणीवरून दोन तलवारींबद्दल काहीच ठरत नाही. तुमचं खेळणं बिघडलंय असंही नाही.

बहुतेक गेममध्ये प्रत्येक फटका दोन ठिकाणी नशिबावर सोडलेला असतो. एक म्हणजे तलवारीवर लिहिलेला किमान ते कमाल डॅमेज. लोकांचं लक्ष आधी तिथेच जातं, पण शे-दोनशे फटक्यांत तो चढउतार जवळपास पुसला जातो. दुसरं म्हणजे क्रिट, म्हणजे अधूनमधून नशिबाने लागणारा जोरदार फटका, आणि खरी गंमत तिथे आहे. क्रिट लागला तर दुप्पट, नाही तर एकपट. मधलं काही नाही.

आता हिशेब मांडू. समजा पाच मिनिटांत तुम्ही २०० साधे फटके मारता, प्रत्येकी १ एकक, आणि कूलडाउनवरचे (एकदा वापरल्यावर काही वेळ थांबावं लागणारे) २० मोठे, प्रत्येकी १० एकक. क्रिटची शक्यता २५ टक्के. सरासरी एकूण डॅमेज ५०० एकक येतो आणि त्यात दोन्ही प्रकारांचा वाटा निम्मा-निम्मा. चढउतार मात्र निम्मा-निम्मा नसतो. व्हेरियन्स (चढउताराचं गणिती माप) काढून पाहा, त्यातला ९० टक्क्यांहून जास्त भाग त्या २० मोठ्या फटक्यांचा असतो. त्यांतले सरासरी ५ क्रिट व्हायला हवेत, पण एखाद्या वेळी ३ आणि एखाद्या वेळी ७ होणं अगदी नेहमीचं. ३ आणि ७ मध्ये ४ क्रिटचा फरक, म्हणजे ४० एकक, म्हणजे एकूण डॅमेजच्या ८ टक्के. तेही एकसुद्धा बटण चुकीचं न दाबता!

या उदाहरणात एका चाचणीचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडा सरासरीपासून सहसा किती हलतो ते, साधारण ४ टक्के येतं. दोन चाचण्यांची वजाबाकी केली की दोन्हींचा चढउतार एकत्र येतो आणि ते साडेपाच टक्क्यांच्या वर जातं. म्हणजे दोन्ही तलवारी तंतोतंत सारख्या असत्या, तरी जवळपास निम्म्या वेळा तुम्हाला ४ टक्के किंवा त्याहून मोठा फरक दिसला असता.

मग किती वेळा मारायचं? ४ टक्क्यांचा खरा फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडायला प्रत्येक तलवारीने आठ-नऊ चाचण्या लागतात. १ टक्क्याचा पकडायचा तर सव्वाशेच्या वर, कारण फरक चौपट बारीक झाला की चाचण्या सोळापट लागतात. हाताने हे कोण करणार? लढाई संगणकावर आपोआप खेळून पाहणारे सिम्युलेटर (सिम) त्यासाठीच आहेत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टसाठीचं सिम्युलेशनक्राफ्ट तीच लढाई हजारो वेळा खेळून सरासरी देतं आणि सोबत त्या सरासरीतली चूकही सांगतं. तो दुसरा आकडा जरूर वाचा. दोन तलवारींमधला फरक त्याच्यापेक्षा लहान असेल, तर त्या सारख्याच समजा.

तुमच्या गेमसाठी सिम नसेल तर लॉग (लढाईतल्या फटक्यांची नोंद) उघडा आणि एकूण डीपीएसच्या आधी मोठ्या फटक्यांपुढची क्रिटची संख्या बघा. जुन्या तलवारीच्या वेळी ७ आणि नव्या वेळी ४ निघाले, तर उत्तर तिथेच मिळालं. चाचण्यांचा कालावधीही एकसारखा ठेवा. सुरुवातीला सगळे बफ (थोडा वेळ ताकद वाढवणारे परिणाम) एकदम लावत असाल तर लहान लढाईत डीपीएस आपोआप जास्त दिसतो.

आणि एक, हे मला मनापासून सांगायचंय. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याशी रोजची तुलना करू नका. तो आकडा चांगलं खेळणं आणि चांगलं नशीब एकाच दिवशी जुळल्याचा असतो. क्रमवारीत वर दिसणारे आकडेही तसेच निवडून आलेले असतात. चांगले खेळाडू त्यामुळे विनाकारण खचतात, चांगलं चाललेलं रोटेशन बदलून बसतात. शेवटच्या दहा-पंधरा लढायांची सरासरी काढा आणि नव्या तलवारीलाही तेवढ्याच लढाया द्या.