राजा गप्प कधी बसणार?

प्रश्न : ताई, माळ्यावर माझ्या लहानपणचे ‘चांदोबा’ मासिकाचे अंक सापडले. रोज रात्री लेकीला एकेक वेताळकथा वाचून दाखवते. परवा ती म्हणाली, “हा राजा बोलतोच कशाला? बोलला की वेताळ पुन्हा झाडावर!” या गोष्टीला शेवट आहे का?

उत्तर : आहे, पण तो अंकांत शोधू नका. वेताळाच्या मूळ गोष्टी पंचवीसच. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं राणी सूर्यमतीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागरा’त त्या आहेत. ‘चांदोबा’नं त्याच साच्यात नव्या गोष्टी रचल्या. दर महिन्याला अंक काढायचा, तर राजाला गप्प बसवून कसं भागेल?

सोमदेवाचा राजा मात्र गप्प बसतो. वेताळ त्याला शेवटची गोष्ट सांगतो, ती अशी : बाप-लेकाला वाटेत दोन बायकांची पावलं दिसतात. ठरतं असं, की मोठ्या पावलांची बापाची, लहान पावलांची मुलाची. निघतं उलटंच! मोठी पावलं मुलीची, लहान तिच्या आईची. दिल्या शब्दाप्रमाणे लग्नं होतात. वेताळ विचारतो, मग त्यांच्या मुलांचं आपसांत नातं काय? राजा निरुत्तर. वेताळ खूश होऊन सांगतो, ज्या भिक्षूनं तुला मला आणायला पाठवलं, तो तुझाच बळी देणार आहे. साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा ‘आधी तू करून दाखव’ म्हण. भिक्षू आडवा होतो आणि राजा त्याचं मुंडकं उडवतो.

हे लेकीला बिनधास्त वाचून दाखवा. मुलांना असला न्याय फार आवडतो. नात्याचं कोडं मात्र घरातल्या आजीवर सोपवा. असल्या हिशेबात त्या पटाईत असतात.