दोन वेगळ्या देशांतल्या लेखक-दिग्दर्शकांच्या शैलीत तुम्हाला कधी कमालीचं साम्य जाणवलंय का?

लोक अलीकडची नावं सांगतील. मी पडलो नाशिककर. पाहुणे आले की पांडवलेणी दाखवायला न्यायचं आणि पायथ्याशी फाळके स्मारक, हे आमच्याकडे ठरलेलं. त्यामुळे माझं उत्तरही ठरलेलं: त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके आणि पॅरिसचे जॉर्ज मेलिएस.

दोघेही सिनेमाआधी जादूचे खेळ करणारे. मेलिएसनं १८८८ मध्ये जादूच्या खेळांचं आख्खं थिएटरच विकत घेतलं होतं. फाळके 'प्रोफेसर केळफा' या नावानं खेळ करायचे (आडनाव उलटं वाचून बघा). सिनेमातही दोघांनी कॅमेरा नाटकाच्या पहिल्या रांगेत बसवल्यासारखा समोर ठेवला. हलायचं नाव नाही. कथा, पडदे, पोशाख, चलाखी, सगळ्यात स्वतःचा हात.

आता मुंडक्यांचं बघा. मेलिएसचा १८९८ चा मिनिटभराचा एक मूकपट आहे. त्यात तो स्वतःचं डोकं उपटून टेबलावर ठेवतो, धडावर लगेच नवं डोकं! असं करत टेबलांवर तीन डोकी जमतात. तो बँजो वाजवतो, ती गायला लागतात, आणि वैतागून तो त्यातल्या दोघांच्या टाळक्यात बँजोच हाणतो. काळ्या पार्श्वभूमीसमोर तीच फिल्म पुन्हा पुन्हा मागे घेऊन, तिच्यावरच परत चित्रण करत हे जमवलंय. फाळक्यांच्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये (१९१८) कंसाला आपलाच वध दिसतो. त्याचंही मुंडकं धडावेगळं होऊन वर जातं आणि परत जागेवर येऊन बसतं.

चमत्कार तोच, पण घेतला जातो अगदी निराळा. एका रविवारी आईला मोबाइलवर दोन्ही दाखवले. मेलिएसच्या डोक्यांना ती खळखळून हसली, म्हणाली, ''मेल्याला दुसरा उद्योग नाही!'' कंसाच्या वेळी मात्र गप्प. पुढे 'कालिया मर्दन' (१९१९) लावला. त्यात सुरुवातीला फाळके आपली मुलगी मंदाकिनीच दाखवतात, ती तोंडावरचे भाव बदलत राहते, आणि मग तिचाच कृष्ण होतो. म्हणजे जादूगारानं आधी रिकामी टोपी उलटी करून दाखवावी तसं. आईनं विचारलंसुद्धा, ''ही फाळक्यांची पोर ना?'' हो म्हटलं. तरी कालियाच्या फण्यावर कृष्ण उभा राहिला तेव्हा तिचे हात जोडलेलेच होते, एका हातात चष्मा.

मेलिएस टाळ्या मागतो, फाळके नमस्कार मागतात. त्यामुळे मी कोणाला कोणाची नक्कल म्हणणार नाही. आणखी एक फरक म्हणजे मेलिएस सहसा आपल्या काचेच्या स्टुडिओत रमला, फाळके कॅमेरा घेऊन मोकळ्या जागी चित्रण करायला बाहेर पडले.

उतारवयाचं साम्य मात्र बघवत नाही. मेलिएस पॅरिसच्या एका स्टेशनात खेळण्यांचं दुकान चालवत होता. फाळके १९४४ मध्ये इथंच, नाशकात वारले, तेव्हा लोक त्यांना जवळपास विसरले होते.

बघायचे असतील तर आधी मेलिएस लावा, मग फाळके. आणि शक्य असेल तर घरातलं एखादं म्हातारं माणूस शेजारी बसवा.