प्रभाकर बरवे : चित्र आणि लेखन

प्रश्न : प्रभाकर बरवे यांची चित्रे अमूर्त मानावीत काय? त्यांचे लेखन वाचल्याने ती अधिक उमगतील काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : बरवे (१९३६–१९९५) नागावचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते विणकर सेवा केंद्रात (हातमाग विणकरांना नक्षीकामात साहाय्य करणाऱ्या सरकारी संस्थेत) रुजू झाले आणि नोकरीनिमित्त काही वर्षे वाराणसीला राहिले, तेथे तंत्रसाधनेतील प्रतिमांचा ठसा त्यांच्या कामावर उमटला. पुढच्या चित्रांत मात्र घड्याळ, पान अशा नित्याच्या वस्तू, एनॅमल रंगाच्या सपाट, गुळगुळीत पृष्ठभागावर एकमेकींपासून सुट्या, जणू अधांतरी दिसतात. वस्तू ओळखू येते, पण तिचा नेहमीचा संदर्भ गळून पडतो. म्हणून या चित्रांना निव्वळ अमूर्त म्हणणे मला अपुरे वाटते.

१९९० मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आपण अवश्य वाचावे. आकार, अवकाश आणि निर्मितीप्रक्रिया यांविषयी इतक्या नितळ मराठीत लिहिणारे चित्रकार आपल्याकडे फार थोडे झाले. तरीही आधी चित्रासमोर निवांत उभे राहावे आणि मग पुस्तक उघडावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण हे लेखन चित्रांचा अर्थ सांगत नाही, पाहण्याची रीत शिकवते. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयातील मराठी विभागात पुस्तकाची चौकशी करावी.