भूत, खवीस, मुंजा, समंध हे शब्द आले कुठून?

'भूत' संस्कृतातला, 'भू' म्हणजे होणे या धातूपासून. भूत म्हणजे झालेलं, होऊन गेलेलं. म्हणूनच भूतकाळ. पण जे जन्मलं तेही भूतच, म्हणून भूतदया. पैठणजवळच्या आपेगावच्या ज्ञानेश्वरांनी पसायदानात 'भूतां परस्परें पडो' म्हटलंय, तिथे भुताटकीचा काही संबंध नाही!

खवीस मात्र बाहेरून आलाय. अरबीतला 'खबीस', म्हणजे दुष्ट, घाणेरडा. फारसी-उर्दूतून मराठीत रुळला. आमच्या परभणीकडं तापट सासऱ्यालाही खवीस म्हणतात, त्यामुळे मूळ अर्थ अजून जिवंत आहे म्हणायचा.

समंध म्हणजे 'संबंध'च, बोलण्यात झिजलेला. मेल्यावरही घरादाराशी, पैशाअडक्याशी ज्याचा संबंध सुटला नाही तो. जखीण ही यक्षिणी.

मुंजाची गोष्ट वाईट वाटण्यासारखी आहे. मुंज झाली, पण लग्नाआधीच गेला असा मुलगा. आमच्या शेताच्या बांधावर पिंपळाखाली शेंदूर फासलेला दगड आहे, तोच मुंजा. आजी तिथून जाताना पदर सावरायची अन् म्हणायची, "लेकरूच हाय ते, भ्यायचं कशाला?"